न गुरगुरणारी गाडी

कारंजाच्या बसस्टँडबाहेर आमच्या धनजकडच्या जीपगाड्या लागतात. तिथली एक रीत आहे. गाडी सुटणार असो वा नसो, इंजिन चालू ठेवायचं. ड्रायव्हर मधूनच ॲक्सिलेटर दाबतो, गाडी गुरगुरते, हातभर पुढे सरकते आणि पुन्हा मागे येते. सवाऱ्या गोळा करणारा माणूस ओरडतो, "निघाली, निघाली!" माणसं धावत येतात, पिशव्या आत कोंबतात आणि मग त्याच गाडीत तासभर घाम पुसत बसतात. गाडी भरल्याशिवाय हलत नाही हे एकूण एकाला ठाऊक असतं. तरी दुसऱ्या दिवशी गुरगुर ऐकली की पुन्हा धावतात. मीही कितीदा धावले आहे, आणि ती जीप माझ्याच नवऱ्याची होती.

आमचं गाव धनजच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. एसटी रस्त्यावरून जाते, गावात वळत नाही. म्हणून आमच्या मालकांची जीप हीच गावाची एसटी. पुढच्या सीटवर चार, मागे मोजायचे नाहीत, टपावर पोती आणि कधीकधी बकरी. यांनी उभी हयात त्या रस्त्यावर घातली. कोणत्या खड्ड्याला कधी ब्रेक मारायचा ते यांच्या पायाला पाठ होतं. पण वेळ विचारली की एकच उत्तर, "भरली का निघतो."

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासऱ्यांची जुनी पेट्रोल जीप होती. सुरू करायला तिच्या नाकात लोखंडी हँडल घालून गरगर फिरवावं लागे. मी माहेरी लहानपणापासून जात्यावर दळलेलं, मला वाटलं हे तर तेच काम. एके दिवशी अंगणात कोणी नाही असं पाहून मी हँडल घातलं आणि जोर लावला. जातं कधी उलटं फिरत नाही, हँडल फिरतं. असा झटका बसला की मनगट सुजून आलं. सासूबाईंनी हळद लावली, दिरांनी हसून घेतलं, आणि यांनी एवढंच सांगितलं की अंगठा दांड्याच्या वरच ठेवायचा असतो, गुंडाळायचा नसतो. आधी सांगायला काय झालं होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून गाडी हे बाईमाणसाचं काम नाही असं आमच्या घरात ठरून गेलं.

पुढे डिझेलची जीप आली, तिला सेल्फ होता, किल्ली फिरवली की सुरू. पण तोवर ठरलेलं ठरलं होतं. मला कोणी किल्ली दिली नाही.

आमची एकच मुलगी. दहावीला चांगले मार्क पडले, बारावीही निघाली, आणि कारंजाच्या कॉलेजात नाव घातलं. बापाचीच जीप, मग काळजी कसली, असं सगळे म्हणाले. सकाळी ती वेळेवर पोहोचायची. संध्याकाळी मात्र कॉलेज सुटल्यावर बापाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर येऊन बसायची, आणि जीप गुरगुरत उभी. उजेड असेपर्यंत ती वाचायची. मग अंधार पडायचा. घरी येईस्तोवर जेवणवेळ टळून जाई. पोरगी बापासोबतच असायची, तरी लोकांनी बोलायचं सोडलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेवटी सासूबाईंनी कॉलेज बंद केलं, आणि वर्षभरात तिचं लग्न करून तिला रिसोडला दिली. सुखी आहे ती. पण तिचं कॉलेज बापाच्या जीपनं खाल्लं, हे मी विसरलेली नाही, आणि यांनाही कधी विसरू दिलं नाही. बोलून दाखवलं नाही, एवढंच. चहाचा कप जरा आपटून ठेवायचा, की त्यांना कळायचं.

मग यांना लकवा मारला. जीव वाचला, जीभही सुटली, पण उजवा हात आणि पाय कामातून गेले. जीपचंही आयुष्य संपलं होतं, ती भंगारात गेली. हे ओट्यावर बसून मोठ्या रस्त्याकडे पाहत राहायचे. लांबून जीप गेली की कोणाची ते आवाजावरून सांगायचे. मला ते पाहवत नव्हतं. तेव्हाच मी ठरवलं की हा रस्ता आपण सोडायचा नाही.

भाच्यानं अमरावतीहून एक बॅटरीवरची चारचाकी आणून दिली. आधी कोणीतरी टॅक्सी म्हणून वापरलेली, हिरव्या पाटीवर पिवळे आकडे. तिला क्लच नाही, गिअर बदलणं नाही, धूर नाही. घरच्याच प्लगला रात्रभर लावून ठेवायची. म्हैस बांधावी तशी गोठ्याच्या भिंतीशी बांधायची, असं हे म्हणायचे. मी सोयाबीन निघालेल्या वावरात तिच्यावर हात बसवला, मग रीतसर लायसन काढलं, बिल्ला काढला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि विचारलं, आता या वयात कशाला? मी म्हटलं, या वयातच हातात किल्ली आली, म्हणून.

रिसोडहून मुलीचा फोन यायचा. ती दुकानात गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा मोबाइलवर सगळ्या जगाचं वाचते. तिनेच मला सांगितलं की ही गाडी काही आजची नाही. शंभर वर्षांहून अधिक झाली, तिकडे परदेशातल्या मोठ्या शहरांत विजेच्या गाड्या रस्त्यावर धावत होत्या. आणि त्या बायकांना फार आवडायच्या, कारण पेट्रोलच्या गाडीला हँडल मारावं लागे आणि हिला नाही. मग गेल्या कुठे त्या, मी विचारलं. ती म्हणाली, पेट्रोल स्वस्त झालं, रस्ते लांबवर गेले, बॅटरी तेवढी पुरेना. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पेट्रोलच्या गाडीला सेल्फ बसला. सेल्फ तरी कशावर चालतो, बॅटरीवरच. म्हणजे विजेनंच विजेच्या गाडीचा काटा काढला. मला तो किस्सा इतका पटला की मी तो मनगट चोळत चोळत यांना सांगितला. हे म्हणाले, ती गाडी तेव्हाच आली असती, तर तुझं मनगट वाचलं असतं.

खरी अडचण पुढेच होती. मी गाडी घेऊन कारंजाच्या स्टँडवर नंबरात उभी राहिले. हे माझ्या शेजारच्या सीटवर, कारण घरी बसायला ते तयारच नव्हते. आणि गाडीत कोणी येईना. शेजारची जीप गुरगुरत होती, हातभर पुढे-मागे होत होती, लोक तिच्यात जाऊन कोंबून घेत होते. माझी गाडी सुरूच असायची, पण कळणार कसं? माणसं काचेतून डोकावायची, मला पाहायची, आणि विचारायची, बंद आहे काय? मी म्हणे, चालू आहे, बसा. ते मान हलवून गुरगुरणाऱ्या जीपकडे जायचे. जिचा आवाज नाही ती निघणार नाही, एवढं त्यांचं पक्कं होतं. स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी गाडीचं नाव पाडलं, मुकी.

यांनी त्यावर उपाय काढला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

"मोबाइलमंदी जीपचा आवाज भरून घे," हे म्हणाले, "अन् स्पीकरचा डब्बा लाव बोनेटखाली. पाहाय मंग कशा सवाऱ्या येतात."

मला हसू आलं आणि संतापही आला. "तुमी जनमभर खोटं गुरगुरले," मी म्हटलं, "आता मी कायले गुरगुरू?"

बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

याच सुमारास शेजारच्या सुनेचा प्रश्न आला. तिचा नवरा पुण्याला कंपनीत कामाला, घरी ती आणि तिची सासू, दोघीच. सुनेनं कारंजाला नर्सिंगच्या कोर्सला नाव घातलं होतं. सकाळी कसंही करून जायची, पण संध्याकाळी जीप भरेस्तोवर अंधार व्हायचा. तिची सासू म्हणजे माझी शेजारीण, कडक बाई, पण वाईट नाही. तिच्या घरची शिस्त अशी की दिवस मावळला की आधी देवाजवळ दिवा, मग घरातला बल्ब. आणि त्या दिव्याच्या वेळी घरची बाई घरात हवी. एका संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर आली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"शिकू नोको असं मी म्हणत नाई. पण पोरगा तिकडे, अन् लोकं मले विचारून राह्यले. दिवा लावाच्या आत सून घरात पायजे. एक दिवस बी चुकलं, तं कोर्स बंद."

माझ्या डोळ्यांसमोर आमची पोरगी आली, पुढच्या सीटवर पुस्तक घेऊन बसलेली. मी विचार केला नाही.

"दिवा लावाच्या आत तुमची सून तुमच्या दारात," मी म्हटलं. "माह्यावर सोडा."

ती गेल्यावर हे म्हणाले, गाडी भरली नाही तर? मी म्हटलं, न भरो. पाच वाजले की मी निघणार. भरो वा रिकामी राहो, पावसात आणि उन्हात. आणि दुसऱ्या दिवसापासून निघायला लागले. पुष्कळ दिवस असे गेले की गाडीत आम्ही दोघं आणि ती शेजारची सून, बस. स्टँडवरचे हात करून निरोप द्यायचे, जशी काही मी सासरी चालले आहे. मी मान वर करून गाडी काढायची. यांचा जीव खालीवर व्हायचा, रिकामी सीट पाहिली की ते मागे वळून वळून पाहायचे. मी म्हणायची, पुढे पाहा.

हळूहळू पाच वाजणं लोकांना कळायला लागलं. आधी शाळेचे एक मास्तर आले, मग दवाखान्यात आलेल्या बाया, मग बाजाराच्या दिवशी जागा अडवून ठेवायला कोणी पिशवी पुढे पाठवू लागलं. जीपवाला गुरगुरत असायचा आणि माणसं माझ्या गाडीकडे यायची. गर्जेल तो पडेल काय, असं मास्तर त्या जीपकडे पाहून म्हणायचे. एकदोन ड्रायव्हर मला बाजूला घेऊन विचारायचे की बॅटरी किती दिवस टिकते, चढावर ओढते काय. मी सगळं सांगायची. येणार आहेत या गाड्या, येऊ दे. दहा वर्षांनी या स्टँडवर धूर नसेल असं मलाही वाटतं. पण नुसती गाडी बदलून काय होणार? भरेपर्यंत थांबायची खोड तीच राहिली तर पोरी अंधारातच घरी येतील, फक्त आवाज न होता.

आता त्या दिवसाचं सांगते. मार्गशीर्षातले दिवस, पटकन मावळणारे. पाच वाजायला आले तरी शेजारची सून स्टँडवर आली नव्हती. मागच्या सीटवर मास्तर होते आणि गावातली एक बाई, मांडीवर तापानं फणफणलेली तान्ही मुलगी. इतक्यात यांचा मोबाइल वाजला, मी उचलला. सूनच होती. कोर्समधूनच दवाखान्यात तिची ड्यूटी होती, एक बाळंतीण अडली होती, आणि मोठ्या सिस्टर तिला सोडायला तयार नव्हत्या. तुम्ही निघा काकू, ती म्हणाली, माझं काय व्हायचं ते होईल.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. थांबावं तर मांडीवरचं लेकरू कण्हत होतं, आणि गाडी पाचला निघते या एका गोष्टीवरच तर लोक माझ्याकडे आले होते. निघावं तर त्या पोरीचा कोर्स आजच संपला. मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा यांच्याकडे पाहिलं, काय करू असं.

यांनी डाव्या हातानं दार उघडलं आणि काठी बाहेर टेकली.

"तू जाय," हे म्हणाले. "लेकराले ताप आहे. मी थांबतो तिच्यासाठी."

"तुमी? असे?"

"आपल्या पोट्टीले म्या थांबवलं ना," हे म्हणाले. "आज मी थांबतो."

इतक्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. पाच वाजले होते, मी गाडी काढली. आरशात हे काठीवर भार देऊन उभे दिसत होते, आणि मला रडू आवरत नव्हतं. मास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले, तेवढं त्यांनी बरं केलं.

गावात पोहोचले तेव्हा सूर्य टेकला होता. शेजारीण ओट्यावरच उभी होती. तिनं गाडीत पाहिलं, सून नाही हे पाहिलं. मी काच खाली करून सांगितलं की बाळंतीण अडली आहे, सून तिच्यापाशी आहे, मी आता जाते आणि घेऊन येते. तिनं मावळतीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि आत गेली. दार मात्र लावलं नाही.

बॅटरी निम्म्याखाली आली होती. जाऊन परत यायला पुरेल की नाही याची खात्री नव्हती, पण विचारायला कोण होतं? पंखासुद्धा बंद केला आणि निघाले. उतारावर पाय उचलायचा, म्हणजे थोडी वीज परत येते, हे मला कळलेलं होतं. प्रत्येक उतारावर पाय उचलला. मागून येणारे हॉर्न वाजवायचे, वाजवू दे.

कारंजाला स्टँडवर पोहोचले तर समोर जीप गुरगुरत उभी. मी निघाले तेव्हा जिचं "निघाली, निघाली" चाललं होतं तीच. आणि तिच्यात पुढच्या सीटवर हे, आणि मागे शेजारची सून. ती धावत आली होती, यांनी जीपवाल्याला विनंती केली होती, जीपवाला यांच्या जुन्या ओळखीचा, तो लगेच निघतो म्हणाला होता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मी गावाला जाऊन परत आले तरी जीप जागची हलली नव्हती. उतरताना यांनी त्या ड्रायव्हरच्या खांद्यावर नुसता हात ठेवला, कारण यांना सगळं माहीत होतं.

परतीच्या वाटेवर बॅटरीचा दिवा लाल झाला. मी बैलगाडीच्या चालीनं गाडी हाकली. सून मागे रडत नव्हती, पण तिच्या हाताला साबणाचा आणि औषधाचा वास येत होता आणि ती ते हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. बाळ झालं काय, मी विचारलं. झालं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, पहिल्यांदा माझ्या हातात रडली ती. गाडीचा आवाज नव्हता, म्हणून ते मला ऐकू आलं.

गावात शिरलो तेव्हा पुरता काळोख पडला होता. घराघरांत बल्ब लागले होते. शेजारणीच्या घरात मात्र अंधार. आधी वाटलं वीज गेली, पण आमच्या दुसऱ्या बाजूच्या घरात टीव्ही चालू होता. मग वाटलं, ही बाई घर टाकून गावात कोणाकडे बोलायला गेली, आता उद्यापासून सगळं संपलं. सून खाली उतरली आणि अंधाऱ्या दारापाशी थबकली.

आतून शेजारीण बाहेर आली. हातात काड्यांची पेटी.

"काहून उभी राह्यली?" ती सुनेला म्हणाली. "हातपाय धू अन् ये लवकर. दिवा लावाचा हाये अजून."

सून आत गेली. मी गाडीजवळच उभी होते. शेजारीण माझ्याकडे वळली. संध्याकाळभर ती अंधारात बसली होती, शेजारपाजारच्यांनी येऊन विचारलं असेल, काय झालं, बल्ब गेला काय. तिनं त्यांना काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही.

"आली ना दिव्याच्या आत," ती म्हणाली. "उद्या गाडी वेळेवर काढजो."

मी हो म्हटलं. आत सुनेनं काडी ओढली, देवाजवळ दिवा लागला, आणि मग घरातला बल्ब. हे काठी टेकत ओट्यापर्यंत गेले. मी गाडी गोठ्याच्या भिंतीशी नेली आणि प्लग लावला.